एकट्याने लघुपट करताना काम अडते तेव्हा

एकट्याने लघुपट करणाऱ्याचे काम अडले की ते सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही. युनिट असेल तर कॅमेरामन विचारतो, कलाकार तारखा मागतात आणि त्या तगाद्यानेच दिग्दर्शकाला काहीतरी ठरवावे लागते. एकट्या माणसाची पटकथेची वही मात्र महिनाभर त्याच पानावर उघडी राहू शकते. जळगाव जिल्ह्यातल्या भडगाव तालुक्यात, गिरणा नदीकाठच्या आमच्या शेतावर, रात्री पाणी भरायला जाणाऱ्या शेतकऱ्यावर सात-आठ मिनिटांचा लघुपट करताना माझे काम असेच चार महिने थांबले होते. तेव्हा जे उपयोगी पडले आणि आजही पडते, ते येथे लिहीत आहे.

सर्वांत आधी नेमके काय अडले आहे ते शोधावे. ‘सुचत नाही’ असे आपण म्हणतो खरे, पण त्यामागे निरनिराळ्या अडचणी असतात: कधी गोष्टच पुरती ठाऊक नसते, कधी गोष्ट ठाऊक असून ती दाखवायची कशी ते उमगत नाही, तर कधी शूटिंग झालेले असते आणि ते पाहण्याचीच भीती वाटते. यांतली आपली अडचण कोणती, हे ओळखण्यासाठी वही मिटून फोनचा रेकॉर्डर सुरू करावा आणि घरात ज्या बोलीत बोलतो त्याच बोलीत संपूर्ण गोष्ट दोन मिनिटांत सांगावी. ऐकताना जेथे ‘मग काहीतरी होते’ असे शब्द येतील, तेथे गाडी अडली आहे असे समजावे. माझ्या कागदावरचा शेतकरी ‘वीज आली आहे का?’ असे विचारत होता आणि कितीही खाडाखोड केली तरी तो जिवंत होत नव्हता. रेकॉर्डरवर मी अहिराणीत, म्हणजे आमच्या खान्देशी बोलीत, ‘लाईट उनी का?’ असे म्हणालो आणि त्या तीन शब्दांबरोबर त्याचे खांद्यावरचे फडके, हातातली बॅटरी, चालण्याची घाई, सगळेच दिसू लागले. प्रमाण मराठीत अडलेला संवाद बोलीत सुटतो, हा अनुभव मला पुढेही अनेकदा आला आहे.

गोष्ट सांगता येते पण दृश्य दिसत नाही, अशी अवस्था असेल तर कॅमेरा बाजूला ठेवून आधी आवाज गोळा करावेत, असा माझा आग्रह आहे. शेतीपंपाची थ्री फेज लाईट आमच्याकडे कधी दिवसाच्या तर कधी रात्रीच्या पाळीत येते. अशा एका रात्री मी केवळ फोन घेऊन विहिरीजवळ बसलो. लाईट आल्यावर स्टार्टरच्या पेटीत खट्कन आवाज झाला, मोटार घुमू लागली, पाइपाच्या तोंडातून आधी हवा फुसफुसली, मग थबकत थबकत गढूळ पाणी आले आणि थोड्या वेळाने त्याची एकसारखी धार पाटात पडू लागली. पहाटे लाईट गेली तेव्हा मोटार एकदम गप्प झाली, पण पाटातले पाणी गव्हाच्या वाफ्याकडे बराच वेळ सरकत राहिले आणि त्या शांततेत त्याची झुळझुळ पहिल्यांदा ऐकू आली. चार महिने मी शेवटासाठी एखादे चांगले वाक्य शोधत होतो. माझ्या लघुपटाचा शेवट त्या झुळझुळीत होता. तेव्हा आपल्या विषयाच्या जागी जाऊन, काहीही न ठरवता, निदान अर्धा तास आवाज टिपावेत आणि घरी येऊन डोळे मिटून ऐकावेत. कोणता आवाज कशानंतर येतो, हे लिहून काढले की दृश्यांचा क्रम बहुतेक वेळा त्यातच सापडतो.

आवाजानेही मार्ग निघाला नाही, तर काम लहान करावे. चाळीसगावचे छायाचित्रकार कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आयुष्याची अनेक दशके जवळजवळ घराबाहेर न पडता काढली आणि घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून, त्यांवर प्रकाश घालून, पाहणाऱ्याला विस्तीर्ण निसर्गदृश्ये वाटावीत अशी छायाचित्रे तयार केली. दादासाहेब फाळके यांनीही १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट करून टिपली होती आणि तो छोटासा प्रयोग दाखवून आपल्या पहिल्या चित्रपटासाठी भांडवल उभे केले होते. एकट्याने काम करणाऱ्याला याहून चांगला आधार कोणता असणार? म्हणून मूळ लघुपट आठवडाभर मिटून ठेवावा आणि ज्याला सुरुवात, मध्य आणि शेवट आपोआप आहे, असे एखादे घरगुती काम दहा शॉटमध्ये चित्रित करावे. हिवाळ्यात शेतात भरिताची वांगी भाजतात ते काम यासाठी उत्तम आहे: पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, तडतडणारी हिरवी साल, तिच्यावर फुटणारे रसाचे बुडबुडे, राखेतून काढलेले मऊ वांगे, सोलताना चटका बसून मागे येणारी बोटे. येथे काही ‘सुचावे’ लागत नाही, फक्त पुढे काय घडणार आहे ते ओळखून कॅमेरा तेथे आधी नेऊन ठेवावा लागतो. आणि नेमकी हीच नजर अडलेल्या माणसाने गमावलेली असते.

एक गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सहज निसटते. मे महिन्यात आपल्या खान्देशात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारी फोन तापून बंद पडतो आणि माणूसही. तो थकवा प्रतिभेच्या खात्यावर मांडू नये. सकाळी नऊच्या आत आणि सायंकाळी पाचनंतर शूटिंग करावे.

एकाच वेळी लेखक, कॅमेरामन आणि कलाकार व्हायला गेल्यास हमखास गोंधळ उडतो, म्हणून कामांना वेगवेगळे दिवस द्यावेत. आदल्या दिवशी लेखकाने कॅमेरामनसाठी चिठ्ठी लिहावी, तीत फक्त शॉट आणि जागा असाव्यात, आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरामनने त्या चिठ्ठीशी वाद घालू नये. स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे असेल तर आपल्या जागी फावडे रोवून त्यावर फोकस लॉक करावा आणि मग फावडे काढून तेथे उभे राहावे. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत असेल तर सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर १/५० सेकंदावर ठेवावे, कारण आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे. असे बारीकसारीक प्रश्न आधीच मिटवून ठेवले की शूटिंगच्या जागी मन मोकळे राहते.

शूटिंग अर्धवट असले तरी एडिटिंग सुरू करावे, हे मी फार उशिरा शिकलो. एडिटिंगच्या ॲपमध्ये शॉट ओळीने मांडतात त्या टाइमलाइनवर जेथे शॉट नसेल तेथे काळी चौकट टाकून तीवर ‘म्हातारी दार उघडते, ४ सेकंद’ असे लिहावे आणि आवाज मात्र खरा लावावा. असा कच्चा लघुपट पाहिला की न चित्रित केलेल्या निम्म्या शॉटची गरजच नाही असे लक्षात येते आणि उरलेल्यांची यादी हाती पडते. मग तो घरातल्या एखाद्या माणसाला दाखवावा, पण ‘कसा वाटला?’ असे विचारू नये, कारण आपली माणसे चांगलेच म्हणतात. पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघावे. माझ्या काकांनी दुसऱ्या मिनिटाला भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि पाचव्या मिनिटाला, स्टार्टरचा आवाज येताच, सवयीने उठून चप्पल शोधू लागले. मी त्या दोन्ही वेळा वहीत टिपून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मिनिटापासून कापायला बसलो.