क्यूपीसीआरमध्ये एसीटीबी वापरताना

बीटा-अ‍ॅक्टिनचे एसीटीबी हे जनुक सातव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असते. पेशीचा सांगाडा उभारणारे हे 375 अमिनो आम्लांचे प्रथिन मुबलक, म्हणून क्यूपीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवत त्यांचे प्रमाण मोजण्याची पद्धत) संदर्भ-जनुक, म्हणजे बाकी जनुकांची पातळी ज्याच्याशी ताडायची ते, म्हणून बहुतेक जण तेच घेतात. पण त्याची इंट्रॉन (आरएनएतून कापले जाणारे जनुकाचे तुकडे) नसलेली छद्मजनुके (जनुकाच्या निकामी प्रती) जीनोमभर विखुरलेली आहेत. त्यामुळे दोन एक्सॉनांच्या (आरएनएत उरणाऱ्या तुकड्यांच्या) सांध्यावर बेतलेले प्रायमरसुद्धा (प्रत बनायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) भेसळीचा डीएनए वाढवू शकतात. इथेच सगळ्यात जास्त निकाल फसतात.

म्हणून डीएनेझ (डीएनए तोडणारे विकर) टाळू नका. 1 मायक्रोग्रॅम आरएनए, 1 युनिट डीएनेझ-1 आणि बफर मिळून 10 मायक्रोलिटर करा, 37 अंशांवर 30 मिनिटे ठेवा. मग 50 मिलिमोलर ईडीटीए (मॅग्नेशियम धरून ठेवणारे रसायन) 1 मायक्रोलिटर घालून 65 अंशांवर 10 मिनिटे. ईडीटीए घालायचे राहिले तर मॅग्नेशियममुळे आरएनए तापवताना तुटतो.

गोव्यात जून ते सप्टेंबर फ्रीजरमधल्या नळीवर क्षणात दव धरते. बर्फावर वितळू द्या, थोडी फिरवा, बाहेरून पुसा आणि मगच झाकण उघडा.

प्रत्येक नमुन्यासोबत रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारे विकर) न घातलेली नळी लावाच. तिचा सीटी (संकेत ठरावीक पातळी ओलांडतो ती सायकल) नमुन्यापेक्षा किमान 7 सायकल उशिरा आला, तर भेसळ साधारण 1 टक्क्याखाली. दहापट विरलनांच्या आलेखाचा (सीटी विरुद्ध प्रमाणाचा लॉग) उतार -3.6 ते -3.1 मध्ये हवा.

उपाशी पेशींना सीरम देणार असाल तर एसीटीबीवर एकट्यावर विसंबू नका, त्याची पातळी सीरमने वाढते. सोबत टीबीपी (टाटा-बंधक प्रथिनाचे जनुक) मोजा.