लायसन्सची फाइल उघडून वाचा: पेटंट आणि ओपन सोर्सच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

इंजिनिअरिंग संपवून ह्या कामात यावं का, असं विचारणारी मुलं-मुली हल्ली बरीच भेटतात. ‘हे काम’ म्हणजे कंपनीच्या प्रॉडक्टमध्ये कुठून कुठून आलेला कोड बसलाय, त्याची लायसन्स काय म्हणतात आणि कोणाच्या पेटंटवर आपला पाय पडतोय का, हे बघणं. मी पुण्यात गेली बारा वर्षं हेच करते. त्याआधी चार वर्षं एम्बेडेड सीमध्ये कोड लिहायचे. कॉलेजात ह्यातलं काहीच शिकवलं नव्हतं. माझी सुरुवात एका ईमेलपासून झाली.

तेव्हा मी एका छोट्या कंपनीत होते. कारखान्यातल्या मशिन्सचा डेटा गोळा करून पाठवणारा एक डबा आम्ही बनवायचो. जर्मनीतल्या कस्टमरने विचारलं, ह्यात जीपीएल लायसन्सखाली (‘वापरा, बदला, पण पुढे दिलात तर सोर्सही द्या’ अशा अटीवर) काय काय आहे त्याची यादी द्या आणि त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येणारा मूळ कोडही द्या. आमच्या मॅनेजरनी कळवून टाकलं की आम्ही ओपन सोर्स, म्हणजे ठरावीक लायसन्सखाली सगळ्यांसाठी खुला ठेवलेला कोड, वापरत नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मला राहवेना, म्हणून मी फर्मवेअरच्या (डब्यात भरलेल्या सॉफ्टवेअरच्या) फाइलवर, आतला वाचता येणारा मजकूर दाखवणारी ‘स्ट्रिंग्स’ कमांड चालवली. अर्थ न लागणारी अक्षरं भराभर वर सरकत गेली आणि मधेच एक स्वच्छ वाक्य दिसलं: बिझीबॉक्सवर (लिनक्सच्या छोट्या कमांडच्या एका संचावर) १९९८पासूनच्या अनेक लेखकांचा कॉपीराइट आहे, लायसन्स जीपीएल व्हर्जन २. त्याच्याखाली अर्थातच लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तोही जीपीएल २.

बदल केलेला नेमका कोड नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर होता आणि तो लॅपटॉप फॉरमॅट झाला होता. जीपीएल २चं तिसरं कलम सांगतं की बायनरी (मशीनला चालवता येणारं तयार रूप) दिलीत तर सोबत सोर्स द्या, नाहीतर मागेल त्याला सोर्स देऊ असं किमान तीन वर्षं टिकणारं लेखी वचन द्या. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. चालू डब्यातल्या कर्नलमध्ये त्याचं कॉन्फिगरेशन साठवलेलं होतं, ते बाहेर काढून, जुने पॅच शोधून, तसाच्या तसा बिल्ड पुन्हा उभा करायला तिघांना तीन आठवडे लागले. कस्टमर समजूतदार निघाला, निभावलं. चौथं कलम मात्र मी त्या रात्री पहिल्यांदा वाचलं: अट मोडली की तुमचा वितरणाचा हक्क तिथेच संपतो. २००७च्या जीपीएल ३मध्ये पहिल्यांदा चूक करणाऱ्याला ती सुधारायला ३० दिवसांची मुदत आली आणि २०१७मध्ये लिनक्स कर्नलच्या बऱ्याच डेव्हलपर मंडळींनी तशीच सवलत आपणहून जाहीर केली. एवढ्या एका फरकाने किती कंपन्यांची झोप उडायची थांबली असेल!

ही झाली कॉपीराइटची बाजू. पेटंटचा प्रकार वेगळा आहे आणि नवी मुलं गोंधळतात ती इथेच. ‘मॅडम, मी कोड कुठून उचललाच नाही, स्वतः लिहिलाय, मग पेटंट कसं लागेल?’ हा प्रश्न मला दर वर्षी येतो. लागतं. कॉपीराइट तुम्ही लिहिलेल्या मजकुराला असतो, पेटंट पद्धतीला. दुसऱ्याचं एक अक्षर न बघता तुम्ही तीच पद्धत शोधून काढलीत, तरी पेटंटधारक दारात उभा राहू शकतो.

मी ह्यासाठी नेहमी जिफचं उदाहरण देते. ती चित्रं लहान करण्यासाठी एलझेडडब्ल्यू नावाची पद्धत वापरली होती. तिच्यावर टेरी वेल्च यांचं अमेरिकन पेटंट होतं, ते पुढे युनिसिस कंपनीकडे आलं. जिफ १९८७मध्ये आलं, जगभर पसरलं, आणि १९९४च्या डिसेंबरात प्रोग्राम लिहिणाऱ्यांना कळलं की जिफ वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी आता पैसे भरावे लागतील. त्या संतापातून पीएनजी हा चित्रांचा नवा फॉरमॅट जन्माला आला. एलझेडडब्ल्यूचं अमेरिकेतलं पेटंट २००३च्या जूनमध्ये संपलं. फुकट सॉफ्टवेअर वाटणाऱ्या माणसाने प्रत्येक प्रतीमागे रॉयल्टी भरायची कुठून? ओपन सोर्सवाले सॉफ्टवेअर पेटंटच्या विरोधात इतक्या तळमळीने का बोलतात, ते मला ह्या प्रकरणातून कळलं आणि मी त्यांच्याच बाजूची आहे. ज्या धंद्यात वीस वर्षांत तीन पिढ्या उलटतात, तिथे वीस वर्षांची मक्तेदारी फार होते.

दुसरी बाजूही नीट ऐका, कारण उद्या त्याच लोकांबरोबर बसून काम करायचंय. व्हिडिओ कॉम्प्रेशन किंवा मोबाइलच्या सिग्नलवर वर्षानुवर्षं संशोधन करणारे विचारतात, की हेच काम सर्किटमध्ये केलं तर पेटंट आणि कोडमध्ये केलं तर नाही, असं का? प्रश्न खोटा नाही. म्हणून तर प्रत्येक देशाने रेषा वेगळीकडे ओढलीय. युरोपियन पार्लमेंटने ६ जुलै २००५ला सॉफ्टवेअर पेटंटचा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. अमेरिकेत सुप्रीम कोर्टाने २०१४च्या अ‍ॅलिस निकालात सांगितलं, की अमूर्त कल्पना नुसती कॉम्प्युटरवर चढवली म्हणून पेटंट मिळणार नाही.

आपल्याकडचा सगळा वाद ‘पर से’ ह्या दोन शब्दांभोवती फिरतो. १९७०च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के)नुसार गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, ‘पर से’ कॉम्प्युटर प्रोग्राम आणि अल्गोरिदम हे शोध मानले जात नाहीत. म्हणजे नुसता प्रोग्राम नाही. पण प्रोग्रामच्या जोडीला आणखी काय असलं की चालेल? २००४च्या अखेरीस सरकारने वटहुकूम काढून हे दार थोडं उघडलं होतं, २००५मध्ये संसदेने तो बदल काढून टाकला. २०१६च्या फेब्रुवारीत पेटंट ऑफिसच्या मार्गदर्शक सूचना म्हणाल्या की सोबत नवीन हार्डवेअर हवं, २०१७च्या जूनमध्ये ती अट गेली. २०१९च्या डिसेंबरात दिल्ली हायकोर्टाने फरीद अलानी यांच्या अर्जाच्या प्रकरणात ‘तांत्रिक परिणाम’ बघा असं सांगितलं. इंटरव्ह्यूला जाताना निदान एवढा क्रम डोक्यात असू द्या. कलम ३ मूळ कायद्यातूनच वाचा, जेमतेम दोन पानांचं आहे.

पेटंट आणि लायसन्स एकाच टेबलावर येतात, तिथे खरं काम सुरू होतं. एमआयटी लायसन्स छोटंसं आहे, त्यात पेटंट हा शब्दच नाही. वापराची परवानगी दिली म्हणजे पेटंटचीही आलीच, असं बरेच वकील मानतात, पण लिहिलेलं नाही. २००४च्या अपाची २.० लायसन्समध्ये तिसरं कलम ठळकपणे लिहितं: ज्याने कोड दिला, त्याने त्या कोडला लागणाऱ्या आपल्या पेटंटची परवानगीही दिली, आणि ह्याच सॉफ्टवेअरवरून तुम्ही कोणावर पेटंटचा दावा ठोकलात, तर तुमची ती परवानगी गेली.

फेसबुकने रिअ‍ॅक्टला, म्हणजे वेबसाइट बनवायच्या आपल्या तयार कोडच्या संचाला (लायब्ररीला), बीएसडी लायसन्ससोबत पेटंटची एक वेगळी फाइल जोडली होती. तिचा फास फार मोठा होता. रिअ‍ॅक्टशी काही संबंध नसलेल्या पेटंटवरून फेसबुकवर दावा केलात, तरी रिअ‍ॅक्टची पेटंट परवानगी रद्द. २०१७च्या जुलैत अपाची फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांत हे लायसन्स चालणार नाही असं ठरवलं, सप्टेंबरात वर्डप्रेसच्या मॅट मुलेनवेग यांनी रिअ‍ॅक्ट सोडायचं जाहीर केलं आणि आठवड्याभरात फेसबुकने रिअ‍ॅक्ट एमआयटीखाली आणायची घोषणा केली. ते दोन महिने आमच्याकडे रोज मीटिंग असायची. रिअ‍ॅक्टवर उभं असलेलं एक अख्खं पोर्टल काढायचं की ठेवायचं? कोड ठेवलेल्या रिपॉझिटरीतल्या ‘पेटंट्स’ नावाच्या त्या एका पानाच्या फाइलची प्रिंट काढून मी त्यातल्या प्रत्येक ‘किंवा’खाली रेघ मारली होती. टीममधल्या निम्म्या लोकांनी दोन वर्षं रिअ‍ॅक्ट वापरूनही ती फाइल कधी उघडली नव्हती.

येणाऱ्यांना माझं सांगणं असं, की आधी दोन-तीन वर्षं कोड लिहा. स्टॅटिक लिंकिंग (लायब्ररी प्रोग्राममध्येच मिसळणं) आणि डायनॅमिक लिंकिंग (ती प्रोग्राम चालताना जोडणं) ह्यांतला फरक हाताने केलेला असला, की एलजीपीएल, म्हणजे जीपीएलचं सौम्य रूप, वाचताना अडत नाही. कोडमधली लायसन्स शोधणारा स्कॅनर चालवायला आठवड्यात येतो. त्याने दाखवलेल्या चारशे ओळींमधल्या खऱ्या दहा ओळखायला वर्ष लागतं. पेटंट वाचताना वर्णनात रमू नका, थेट शेवटच्या क्लेम्सवर, म्हणजे दाव्यांवर जा, कारण हक्क तेवढ्यावरच असतो. पेटंट एजंट व्हायचं असेल तर विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी चालते, वकिलीची लागत नाही. परीक्षेत दोन पेपर आणि तोंडी असते, पण ती दर वर्षी होतेच असं नाही, म्हणून नोकरी सोडून तयारी करू नका. नागपूरला केंद्र सरकारची बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी राजीव गांधी संस्था आहे, तिच्या कार्यक्रमांकडे लक्ष ठेवा.

मागच्या महिन्यात आमच्याकडच्या एका नव्या मुलीने तपासणीची यादी पाठवली. एका छोट्या लायब्ररीसमोर तिने लिहिलं होतं: ‘लायसन्स सापडलं नाही.’ बाकीच्यांनी कोड उघड्यावर आहे म्हणजे वापरायला मोकळा, असं समजून ती आत घेतली होती. लायसन्स नसलं तर सगळे हक्क लेखकाकडेच राहतात. मी तिलाच लेखकाला ईमेल लिहायला सांगितलं. तो कुठल्याशा कॉलेजातला विद्यार्थी निघाला, दोन दिवसांत उत्तर आलं: राहून गेलं, एमआयटी टाकतो. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘मॅडम, त्याला अपाची सुचवू का? उद्या एखाद्या मोठ्या कंपनीने ह्यात कोड दिला, तर तिच्या पेटंटची परवानगीही लेखी येईल.’ म्हटलं, सुचव, पण निर्णय त्याचा. संध्याकाळी रिपॉझिटरीत फाइल आली. अपाची २.०.