अमेरिकेत राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे जज मतदानाने निवडतात: बॅलट हातात आलं की काय काय बघायचं

धरमपेठ असो की मनीष नगर, नागपुरात आता बऱ्याच घरचं कोणी ना कोणी तिकडे आहे, आणि ज्यांना सिटिझनशिप मिळाली त्यांच्या घरी बॅलट आलं की व्हिडिओ कॉलवर विचारणा सुरू होते की बाबा, हे खाली जजचं नाव आहे त्याचं काय करू, मी तर ओळखत पण नाही. मग बरेच जण तो भाग कोराच सोडतात. माझी कळकळीची विनंती आहे, सोडू नका. मतदारसंघांच्या सीमा, गर्भपात, शाळांचा निधी, खुद्द निवडणुकीचे वाद, यातलं कितीतरी राज्याच्या सर्वोच्च कोर्टातच संपतं, वॉशिंग्टनपर्यंत, म्हणजे देशाच्या सुप्रीम कोर्टापर्यंत, जातच नाही.

आपल्याला हे सगळं अजब वाटतं कारण आपल्याकडे हायकोर्टाच्या जजचं नाव कॉलेजियम सुचवतं, फाईल सरकारकडे जाते, राष्ट्रपती नेमणूक करतात आणि ६२ व्या वर्षी रिटायरमेंट. बोबडे साहेब, गवई साहेब नागपूर खंडपीठातून पुढे जाऊन सरन्यायाधीश झाले पण त्यांच्यासाठी सिव्हिल लाइन्समध्ये कधी प्रचाराची गाडी फिरली नाही. तिकडे मात्र जजसाठी टीव्हीवर जाहिराती लागतात, सभा होतात, वर्गणी गोळा होते.

तर सगळ्यात पहिले विचारा, राज्य कोणतं? कारण पन्नास राज्यांच्या पन्नास तऱ्हा आहेत. ३८ राज्यांत सर्वोच्च कोर्टाच्या जजसाठी कोणत्या ना कोणत्या रूपात लोकांचं मतदान होतं, बाकीच्यांत नाही. न्यू जर्सीत, जिथे आपली मराठी मंडळी भरपूर आहेत, तिथे गव्हर्नर (आपल्याकडचा मुख्यमंत्रीच समजा) नाव देतो आणि राज्याची सिनेट, म्हणजे विधिमंडळाचं वरचं सभागृह, मंजूर करते, म्हणून एडिसनवाल्या भाच्याला हा प्रश्नच येत नाही. व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलिनात आमदारच जज निवडतात. न्यूयॉर्कवाल्यांनी जरा सांभाळून, तिथे सुप्रीम कोर्ट म्हणजे खालचं कोर्ट, तिथल्या जजला लोक निवडून देतात, पण राज्याचं सगळ्यात वरचं कोर्ट आहे कोर्ट ऑफ अपील्स आणि तिथले जज गव्हर्नर नेमतो, मतदान नाही.

राज्य कळलं की पद्धत बघा. टेक्सासमध्ये जजच्या नावापुढे सरळ पक्ष लिहिलेला असतो, रिपब्लिकन की डेमोक्रॅट, आणि तिथे तर सर्वोच्च कोर्टंच दोन आहेत, दिवाणीसाठी वेगळं, फौजदारीसाठी वेगळं, दोन्हीत नऊ नऊ जज, सहा वर्षांची टर्म, म्हणजे दोन्हीकडची नावं वाचावी लागतात. विस्कॉन्सिनमध्ये नुसती नावं असतात, पक्ष नाही. सात जज, दहा वर्षांची टर्म, एका वर्षी एकच जागा निवडणुकीला, आणि मतदान एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी. ही तारीख लक्षात ठेवा, कारण आपल्या डोक्यात अमेरिकेची निवडणूक म्हटलं की नोव्हेंबरच असतो आणि एप्रिल निघून जातो.

मिशिगनचं बॅलट मला सगळ्यात फसवं वाटतं. उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात ठरतात, पण बॅलटवर पक्ष छापत नाहीत. त्यात वर एकच गोळा भरून पूर्ण पक्षाला मत द्यायची सोय आहे, ती वापरली की माणसाला वाटतं झालं आपलं मतदान, पण तो गोळा जजच्या भागाला लागूच होत नाही! तो भाग वेगळा भरावा लागतो. एवढं एक वाक्य जरी मुलीला व्हॉट्सअॅपवर पाठवलं तरी तिचं मत वाया जाणार नाही.

तिसरी पद्धत म्हणजे समोर कोणी उमेदवारच नाही, फक्त प्रश्न असतो की न्यायमूर्ती अमुक अमुक यांना पदावर कायम ठेवावं का, हो किंवा नाही. मिसुरीने १९४० मध्ये ही पद्धत आणली, आधी समिती नावं काढते, गव्हर्नर त्यातून नेमतो, आणि काही काळाने लोक कौल देतात. कॅलिफोर्नियातही नेमणूक गव्हर्नरची आणि नंतर हो-नाही, पूर्ण टर्म बारा वर्षांची. पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा पक्षाच्या तिकिटावर निवडून यायचं आणि दहा वर्षांनी हो-नाही. इलिनॉयमध्ये टिकायला ६० टक्के हो लागतात. बहुतेक वेळा जज टिकतात, म्हणून लोक डोळे मिटून हो भरतात, पण कॅलिफोर्नियात १९८६ मध्ये चीफ जस्टिस रोझ बर्ड आणि आणखी दोन जज घरी गेले, फाशीचा मुद्दा पेटला होता, आणि आयोवात समलिंगी विवाहाच्या २००९ च्या एकमताच्या निकालानंतर २०१० मध्ये तीन जज लोकांनी काढले. एका निकालासाठी जजला काढणं मला पटत नाही, त्याचं दहा वर्षांचं काम बघावं.

आता ते काम बघायचं कसं? नोटरीकडून चारित्र्याचा दाखला थोडीच मिळतो. कोलोरॅडो, अलास्का, अॅरिझोना, युटा या राज्यांत सरकारी आयोग किंवा परिषद जजच्या कामाचं मूल्यमापन करून मतदानाआधी प्रसिद्ध करते, ते पहिले वाचा. नसेल तर तिथल्या बार असोसिएशनचं, म्हणजे वकिलांच्या संघटनेचं, मत बघा. आणि ज्याने आधी जज म्हणून काम केलं असेल त्याचे दोन-तीन निकाल खरंच उघडून वाचा, तिकडे ते फुकट ऑनलाइन असतात. त्यात हरणाऱ्या बाजूचं म्हणणं त्याने नीट मांडलंय का ते शोधा. मी तर यालाच सगळ्यात जास्त मार्क देतो, कारण जाहिरात कोणालाही करता येते, पण विरुद्ध बाजूचा युक्तिवाद प्रामाणिकपणे लिहून मग त्याला उत्तर देणं सगळ्यांना जमत नाही.

पैसा कुठून आला तेही तपासा. विस्कॉन्सिनच्या एका जागेसाठी २०२५ मध्ये सगळ्या बाजूंचा मिळून सुमारे १० कोटी डॉलर खर्च झाला, इलॉन मस्कने त्यात मोठी रक्कम ओतली आणि तरी त्याचा उमेदवार ब्रॅड शिमेल हरला, सुझन क्रॉफर्ड जिंकल्या. वेस्ट व्हर्जिनियात २००४ मध्ये एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने एका जजला निवडून आणायला ३० लाख डॉलर लावले आणि त्याच कंपनीची केस पुढे त्याच जजसमोर आली. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये सांगितलं की अशा वेळी त्या जजने बाजूला व्हायलाच पाहिजे होतं. निवडणुकीच्या पद्धतीची खरी भीती मला इथेच वाटते.

आपल्या इकडच्यांसाठी दोन गोष्टी ठळक सांगून ठेवतो. मत फक्त सिटिझनचं. एच-वन किंवा ग्रीन कार्डवाल्याने चुकून जरी मतदार म्हणून नाव नोंदवलं तरी इमिग्रेशनमध्ये पार अडकू शकतो. आणि इथून कौतुकाने कोणत्या उमेदवाराला पैसे पाठवू नका, ना स्वतः ना मुलाच्या कार्डवरून, ग्रीन कार्ड नसलेल्या भारतीय नागरिकाने तिकडच्या कोणत्याही निवडणुकीला वर्गणी देणं त्यांच्या कायद्यात गुन्हा आहे.

जे अमेरिकन पासपोर्ट घेऊन आईवडिलांसाठी नागपुरात परत येऊन राहिले, त्यांनी परदेशातून बॅलट मागवायचा फेडरल पोस्ट कार्ड अॅप्लिकेशन हा फॉर्म भरायचा. त्यात परत जाणार आहात की अजून ठरलं नाही असं विचारतात, तिथे घाईत टिक करू नका, कारण परदेशातून राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस, म्हणजे तिकडची संसद, यांच्यासाठी मत देण्याचा हक्क पक्का असला तरी राज्याच्या जजसाठी बॅलट मिळेल की नाही ते काही राज्यांत याच उत्तरावर ठरतं. फॉर्म दरवर्षी जानेवारीत नव्याने भरलेला बरा. आणि बॅलटसोबतच्या सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, सही कुठे, आयडी लागतो का, सगळं. नॉर्थ कॅरोलिनात २०२४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या जागेसाठी उभ्या असलेल्या अॅलिसन रिग्ज फक्त ७३४ मतांनी पुढे होत्या, विरोधी उमेदवाराने ६० हजारांवर मतांना हरकत घेतली, त्यात परदेशातून आलेली, फोटो आयडी नसलेली मतंही होती, आणि तो वाद मे २०२५ पर्यंत कोर्टात चालला. शेवटी मतं धरली गेली आणि रिग्ज जिंकल्या, पण त्या मतदारांना सहा महिने कळत नव्हतं की आपलं मत मोजणार की नाही.