तेल लावलेलं खाद्य: सुरू करण्याआधीची तयारी

मागच्या खेपेला तिलापिया माशाच्या बोटुकल्यांना, म्हणजे बोटभर पिल्लांना, महिनाभर ओव्याचं तेल लावलेलं खाद्य घातलं आणि टाक्यांत काडीचाही फरक पडला नाही. मी तेलाला नावं ठेवून मोकळी झाले. चूक माझीच होती. आता पुन्हा करतेय, म्हणून ही यादी.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हे तेल जंतूंना रोखायला, मासे धडधाकट असतानाच द्यायचं असतं. आजारी मासा खाणं सोडतो, मग खाद्यातलं औषध त्याच्या पोटात जाणार कसं? मासे मरायला लागले असतील तर ही यादी मिटा आणि माशांच्या डॉक्टरांना बोलवा. अँटिबायोटिक लागलंच तर तेही त्यांनाच ठरवू द्या.

हातमोजे, चष्मा, वजनकाटा हे सांगायला नको. फक्त थेंब मोजू नका, ग्रॅममध्ये वजन करा; प्रत्येक तेलाचा थेंब वेगळा पडतो. किलोभर खाद्याला एक ग्रॅम तेल म्हणजे ०.१ टक्का. तिथपासून सुरुवात करा, आणि पहिले दोन-तीन दिवस त्याच्याही निम्मं. वास उग्र असला की मासे दाणा तोंडात घेऊन थुंकतात.

तेल घेताना बाटलीवरच्या नावावर जाऊ नका. ओव्याच्या तेलात थायमॉल हवं, ओरेगॅनोत कार्व्हाक्रॉल, लवंगेत युजेनॉल. जंतूंच्या पेशीचं आवरण फोडायचं काम हीच द्रव्यं करतात. एकाच जातीच्या झाडाच्या तेलात ती जमीन, हंगाम आणि वाणानुसार कमी-जास्त होतात. त्यामुळे घटकांच्या तपासणीचा कागद मागा. नसेल तर दुसरीकडे जा.

आता मी विसरले ते. झाकण.

तेल खाद्यतेलात मिसळून दाण्यांवर छान चोळलं होतं. मग दाणे सुकावेत म्हणून परातीत पसरून पंख्याखाली ठेवले. खोलीभर ओव्याचा घमघमाट, आणि मी खुशीत. तो घमघमाट म्हणजे औषधच उडून चाललं होतं! वर कहर म्हणजे महिन्याचं खाद्य एकदम करून गोणीत भरलं, तोंड नुसतं दुमडलं. दहाव्या दिवशी मूठभर दाणे नाकाशी धरले तर नुसता पेंडीचा वास. पुढचे वीस दिवस मासे साधं खाद्य खात होते आणि मी वहीत 'तेलाचं खाद्य' लिहीत होते.

म्हणून आधी काचेच्या किंवा स्टीलच्या, घट्ट झाकणाच्या बरण्या आणा. तेलाच्याही आधी. प्लॅस्टिकमध्ये तेल मुरतं, थर्माकोल तर काही तेलं विरघळवूनच टाकतात. तेल लावलं की दाणे लगेच बरणीत, झाकण लगेच. ऊन नाही, पंखा नाही, भट्टी तर नाहीच. दाणे घरी पाडत असाल तर तेल पिठात घालू नका, दाणे सुकून थंड झाल्यावर वरून लावा. आठवड्यापुरतंच करा. बरणी थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. रोज लागेल तेवढं काढा आणि झाकण लावा. मूळ बाटलीचंही लावा.

तुलनेची टाकी विसरू नका. तिथल्या माशांना नुसतं खाद्यतेल लावलेले दाणे, तेवढ्याच प्रमाणात. नाहीतर फरक औषधाचा की जादा तेलाचा, हे कळायचं नाही. दोन्हीकडे मासे सारखे, पाणी सारखं.

तेल थेट पाण्यात ओतायची अक्कल कुणी लढवेल, म्हणून सांगते: ते पाण्यात विरघळत नाही. बहुतेक तेलांचा तवंग येतो, लवंगेचं पाण्याहून जड म्हणून तळाशी बसतं. शिवाय लवंगेच्या तेलाने मासा बेशुद्ध पडतो. हाताळणीसाठी भूल देताना तेच वापरतात. आणि फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणूही जिवाणूच आहेत, तेल त्यांना वगळून मारणार नाही. मग अमोनिया चढला की बसा पाणी बदलत.

बाकी नेहमीचं. ऑक्सिजन आणि अमोनिया आधी मोजून ठेवा. दाणे टाकल्यावर काही मिनिटांत संपले पाहिजेत. भिजत पडले तर तेल पाण्यात उतरतं. वहीत रोज तापमान, किती खाल्लं, किती मेले. पंधरा दिवसांनी वजन. विकण्याआधी एक मासा शिजवून चव बघा.

आणि खाद्य काढून आला असाल, तर मागे जाऊन बघा. झाकण.