एआयकडून आरोग्याचा नकाशा करून घेताना आधी नावं जुळवून घ्या

जिल्हावार डेंग्यूचे आकडे देऊन एआयला नुसतं "नकाशा काढ" म्हटलं की ते मस्त चित्र काढतं, पण हद्दी मनाच्याच, आणि खऱ्या नकाशा-फाईलवर कोड चालवला तर दोन-तीन जिल्हे पांढरे राहतात. कारण बहुतेक वेळा नावं! फाईलमध्ये अहमदनगर, उस्मानाबाद, औरंगाबाद आणि आपल्या शीटमध्ये अहिल्यानगर, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर.

१. चित्र मागू नका, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड मागा. हद्दींची फाईल आपणच द्यायची.
२. रंगवायच्या आधी सांगा: "दोन्हीकडची न जुळणारी नावं फक्त यादीत दे, अंदाजाने जोडू नकोस." ही एक ओळ पुढचा सगळा वैताग वाचवते.
३. ती यादी स्वतः बघून जुनं-नवं नाव असा तक्ता करा, मगच जोडायला सांगा.
४. रंग दर लाख लोकसंख्येमागे किती रुग्ण यावरून द्यायला सांगा, नाहीतर पुणे-मुंबई कायम लालच दिसणार.

पालघरकडे मात्र नीट बघा, तो २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे २०११ च्या जनगणनेतला ठाण्याचा १ कोटी १० लाखांचा आकडा पालघर धरून आहे, तोच वापरला तर ठाण्याचा दर उगाच कमी येतो आणि पालघर रिकामा. तालुक्यांची बेरीज करून दोन्ही वेगळे काढा.

आणि हो, पेशंटची नावं, फोन नंबर, पत्ते असलेली शीट एआयला अजिबात देऊ नका, फक्त बेरजा द्या.