पुण्यात गाडी उचलली तर काय करायचं, आणि चुकीचं चलन आलं तर कसं लढायचं

आधीच सांगतो, फूटपाथवर नाहीतर कुणाच्या गेटसमोर गाडी लावणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. त्यांच्यामुळे म्हाताऱ्या माणसांना बसच्या पुढून रस्त्यातून चालावं लागतं, त्यांच्या गाड्या खुशाल उचला. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. रस्त्याच्या मधोमध डबल पार्क केलेली मोठी गाडी तशीच उभी राहते आणि कडेला नीट लावलेली स्कूटर वाहतूक पोलिसांच्या टेम्पोवाले उचलतात, कारण स्कूटर दोन पोरं हातानं उचलून टेम्पोत टाकू शकतात. शिवाय नो पार्किंगचा बोर्ड झाडामागे लपलेला, नाहीतर त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. अशा वेळी नुसतं वैतागून पैसे भरून मोकळं होऊ नका, थोडी माहिती असली तर बरंच काही करता येतं.

पहिली सवय ही लावून घ्या की गाडी स्टँडवर लावली की लगेच दोन फोटो काढायचे. एकात नंबर प्लेट आणि गाडीखालचा रस्ता, दुसऱ्यात जरा लांबून दोन्हीकडचे बोर्ड दिसतील असा, आणि बोर्ड नसेल तर तो नाही हेही दिसलं पाहिजे. मोबाइलमध्ये लोकेशन चालू ठेवा म्हणजे वेळ आणि जागा फोटोबरोबर राहते. पुढे सगळं भांडण याच फोटोंवर चालतं, तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

पेठांमध्ये पी १, पी २ चे बोर्ड नीट वाचा, बाहेरगावचे लोक इथेच हमखास अडकतात. पी १ म्हणजे विषम तारखेला त्या बाजूला लावायची, पी २ म्हणजे सम तारखेला. रात्री लावून झोपलात की बारानंतर तारीख बदलते हे लक्षात ठेवा, आणि महिना ३१ चा असेल तर ३१ आणि १ दोन्ही विषम, म्हणजे दोन दिवस सलग एकच बाजू. तुळशीबागेत किंवा लक्ष्मी रोडला खरेदीला जाणार असाल तर रस्त्यावर जागा शोधत फिरूच नका, सरळ मंडईचं आर्यन किंवा मिनर्व्हा पार्किंग गाठा, किंवा नारायण पेठेतलं हमालवाडा, थोडं चालावं लागतं पण डोक्याला ताप नाही.

आता परत आलात आणि गाडीच नाही. लगेच चोरीची तक्रार करायला पळू नका. आधी समोरच्या दुकानदाराला, पानवाल्याला विचारा, टेम्पो आला होता का आणि कुठल्या बाजूला गेला, त्यांना सगळं माहीत असतं. मग मोबाइलवर चलनाचा मेसेज आलाय का बघा. मेसेज येत नसेल तर बहुतेक आरसीला जुना मोबाइल नंबर जोडलेला आहे, तो परिवहनच्या साइटवर बदलून घ्या, हे काम आजच करा कारण नंबर चुकीचा असल्यामुळे लोकांना वर्षभर चलनं कळतच नाहीत. महाट्रॅफिक अ‍ॅपवर किंवा ई-चलनाच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकले की चलन दिसतं. तिथेही काही नसेल तर जवळची वाहतूक चौकी, आणि तिथेही नोंद नसेल तर मग चोरीची तक्रार.

तुमच्यासमोरच गाडी उचलत असतील तर एक गोष्ट पाठ करून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे नो पार्किंगमधली गाडी टो करायची परवानगी देतो तो गणवेशातला, त्या हद्दीतला पोलीस अधिकारी. टेम्पोवरची पोरं स्वतःच ठरवून गाडी उचलू शकत नाहीत. त्यामुळे शांतपणे विचारा, "साहेब कुठे आहेत?" साहेब नसतील तर व्हिडिओ काढा, टेम्पोचा नंबर घ्या. साहेब असतील तर नम्रपणे सांगा की मी आलोय, जागेवर चलन करा आणि गाडी सोडा, बऱ्याचदा सोडतात. पण गाडीला लटकू नका, अंगावर जाऊ नका, उलट तुमच्यावरच सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लागेल. ऑगस्ट २०२१ मध्ये नाना पेठेत माणूस बसलेला असताना बाइक हवेत उचलली होती, आणि मालाडला नोव्हेंबर २०१७ मध्ये गाडीत आई बाळाला दूध पाजत असताना गाडी टो केली, त्या पोलिसाला निलंबित केलं. दोन्ही प्रकरणं गाजली ती व्हिडिओमुळे.

चौकीत गेलात की पैसे देण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारा. आरसा, इंडिकेटर, हँडल, सायलेन्सर बघा, ओरखडा असेल तर तिथेच फोटो काढा आणि लेखी द्या, गाडी बाहेर काढल्यावर कुणी मानत नाही. लायसन आणि आरसी डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात. पावतीत दंड वेगळा आणि टोइंगचा चार्ज वेगळा लिहिलेला हवा, पावती नाही तर पैसे नाही. दंड पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा केलं तर १५००, म्हणून १५०० लावले असतील तर आधीचं चलन खरंच तुमच्या गाडीचं आहे का ते फोटो उघडून बघा, नंबर प्लेट वाचताना चूक होते, कधी दुसऱ्याच गाडीवर तुमचा नंबर फिरत असतो.

चलन चुकीचं वाटत असेल तर लगेच भरू नका. भरलं की विषय मिटला असंच धरतात. महाट्रॅफिक अ‍ॅपमध्ये तक्रारीची सोय आहे, तिथे चलन निवडून आपले फोटो जोडा आणि मुद्द्याचं तीन ओळीत लिहा, राग नको. उदाहरणार्थ, "दि. अमुक, गाडी पी २ बाजूला, तारीख सम, बोर्डाचा फोटो सोबत." चलनाचा फोटोही नीट बघा. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक विभागाने परिपत्रक काढून पोलिसांना स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून चलन करायला मनाई केली आहे, तसा संशय असेल तर तक्रारीत स्पष्ट लिहा. उत्तर आलं नाही तर येरवड्याला वाहतूक शाखेच्या ऑफिसात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्याच. तिथेही नाही झालं तर कोर्टात बाजू मांडता येते. लोकअदालतीला जाण्याआधी मात्र विचार करा, तिथे तडजोड होते, थकलेल्या खऱ्या चलनांसाठी ठीक आहे, पण तुमची चूकच नसेल तर तडजोड कशाची करायची?

बोर्डच नाही आणि रोज गाड्या उचलतायत असा रस्ता असेल तर माहिती अधिकार वापरा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, आणि महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर, दीडशे शब्दांत बसवायचा. एवढंच मागा की या रस्त्यावर या ठिकाणापासून त्या ठिकाणापर्यंत नो पार्किंगचा आदेश कोणत्या तारखेचा आहे, त्याची प्रत द्या. सोसायटीतल्या चार-पाच जणांनी मिळून पाठपुरावा केला तर बोर्ड लागतो किंवा उचलणं थांबतं, एकट्याच्या अर्जापेक्षा याचा खूप फरक पडतो.

आणि हो, व्हॉट्सअ‍ॅपवर चलनाच्या नावाने एखादी फाइल आली आणि इन्स्टॉल करा म्हणाली तर हात लावू नका, बँकेचं खातं रिकामं करतात. चलन बघायचं ते सरकारी साइटवर किंवा अ‍ॅपवर स्वतः जाऊन, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नाही. घरात आईबाबांच्या नावावर गाडी असेल तर त्यांना हे आजच समजावून सांगा, मेसेज त्यांच्याच फोनवर येतात.