तलावाला फ्लॅट हवा असतो तेव्हा

तलाव बोलतो, लिफ्ट रजेचा अर्ज टाकते, ट्रान्स-हार्बरची लोकल तुर्भ्याला रुसून बसते... असला अतर्क्य विनोद रेडिओसाठी लिहायचाय म्हणणारी बरीच मुलंमुली हल्ली भेटतात. कुणी ओपन माइक, म्हणजे नवख्यांना खुला असलेला मंच, करतं, कुणी एकांकिका स्पर्धांमधून आलेलं असतं. पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच, माइक कुठला घेऊ? त्याचं उत्तर पुढे देते, कारण त्याआधी सांगण्यासारखं बरंच आहे. मी ठाण्याची. एका स्टँडअप कॉमेडियनच्या अशाच ऑडिओ कार्यक्रमाचं लेखन आणि निर्मिती करते. रेकॉर्डिंग ऐरोलीतल्या एका छोट्या स्टुडिओत होतं.

या प्रकारात काहीही खपतं, हा समज आधी सोडा. उलट इतका शिस्तीचा विनोद दुसरा नसेल. अशक्य गोष्ट एकच घ्यायची आणि तिच्याभोवतीचं सगळं अगदी खरंखुरं ठेवायचं. आमच्या एका भागात ठाण्याचा मासुंदा तलाव फ्लॅट बघायला निघतो. अशक्य काय ते एवढंच. बाकी एजंट दलालीवर अडून बसतो, कार्पेट आणि बिल्टअपचा घोळ नेहमीचाच, सेक्रेटरी पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद मागतो. त्यातला हा तुकडा:

एजंट : या बाल्कनीतून बघा. फुल लेक व्ह्यू. त्याचे जरा वरचे पडतील.
तलाव : अहो, पण तो व्ह्यू म्हणजे मीच ना?
एजंट : तेच तर सांगतोय. तुम्ही इथे राहायला आलात की व्ह्यू गेला. मग बिल्डरचं नुकसान कोण भरणार?

एजंटला तलाव चालत आल्याचं जराही आश्चर्य वाटत नाही, त्याला फक्त भावाची काळजी. म्हणून हे चालतं. आमच्यातल्या एका लेखकाला याच प्रवेशात रिक्षाही उडवायची होती. कल्पना छान होती, तरी मी ती काढून ठेवली. रंगमंचावर कॉमेडियनचा चेहरा समोर असतो, तो चार विचित्र गोष्टी एकदम पेलून नेतो. ऐकणाऱ्याला मात्र सगळं चित्र मनात उभं करायचं असतं. चालणारा तलाव तो उभा करतो. वर उडती रिक्षा आली की त्याला वाटतं इथे कशालाच काही नियम नाही, आणि मग तो हसायचं सोडून नुसता ऐकत राहतो.

आता सूत्रधाराबद्दल, म्हणजे कार्यक्रम पुढे नेणाऱ्या कॉमेडियनबद्दल. स्टँडअप करणाऱ्या माणसाचा कान हशावर बेतलेला असतो. पंच, म्हणजे हसवणारी ओळ, टाकला, हशा आला, तो ओसरायला लागला की पुढची ओळ. स्टुडिओत काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट मान खाली घालून बसलेला. हशा नाही म्हटल्यावर भलेभले कॉमेडियन घाईला येतात, ओळी एकमेकींवर चढतात, आवाज वर जातो. यावर जगात प्रेक्षक बसवून आणि प्रेक्षकांशिवाय अशा दोन्ही वाटा वापरल्या गेल्या आहेत. ब्रिटनमध्ये मिल्टन जोन्स हा एका ओळीच्या विनोदांसाठी ओळखला जाणारा स्टँडअप कॉमेडियन. 1998 पासून बीबीसी रेडिओ 4 वर त्याच्या अतर्क्य विनोदी मालिका झाल्या, त्या समोर प्रेक्षक बसवून. त्याच वाहिनीवर 1978 साली डग्लस ॲडम्सची अंतराळातली विनोदी मालिका आली. तिच्यात ध्वनीचं काम इतकं थरांचं होतं की ती प्रेक्षकांशिवायच रेकॉर्ड केली गेली. तुमचा कार्यक्रम बोलण्यावर उभा असेल तर वीस-पंचवीस माणसं जमवा. आवाजांवर उभा असेल तर प्रेक्षक नकोत.

आम्ही बिनप्रेक्षकांची वाट धरली आहे. हशाची जागा आमच्याकडे आवाज घेतो. पंच पडला की सेकंद-दीड सेकंदाचा एखादा आवाज ठेवायचा, पण तो गोष्टीतलाच हवा: बंद होणारं लिफ्टचं दार, नळाची धार. ऐकणारा तेवढ्यात हसून घेतो, पुढची ओळ बुडत नाही, आणि सूत्रधारालाही थांबायला काहीतरी कारण मिळतं. संहितेतच ती जागा लिहून ठेवा. एडिटमध्ये बघू म्हणाल तर तोपर्यंत बोलण्याची लय ठरून गेलेली असते. दुसरं म्हणजे, समोरच्या नटाला त्याच खोलीत, सूत्रधाराच्या नजरेच्या टप्प्यात उभं करा. वेगवेगळे रेकॉर्ड करून जोडलेले संवाद या विनोदात लगेच उघडे पडतात, कारण इथे सगळी मजा दोघांच्या खऱ्या भांडणात आहे. आणि सूत्रधाराला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते: आपण काहीतरी गमतीचं करतोय, हे आवाजात येता कामा नये. तलावाशी तो भाडेकरूशी वाद घालावा तसाच वाद घालणार.

तलावाची चाल हा माझ्या विशेष जिव्हाळ्याचा विषय. सुरुवातीला इंटरनेटवरचे तयार पाण्याचे आवाज लावून पाहिले, पण ते सगळे समुद्राचे नाहीतर नदीचे वाटायचे. स्टेशनवरून गोखले रोडने चालत येणारं पाणी त्यात कुठेच नव्हतं. मग आमच्या रेकॉर्डिस्टने एक जाड पंचा भिजवून अर्धवट पिळला, त्याची घडी केली आणि फरशीवर एकेक पाऊल टाकल्यासारखा आपटत नेला. दुसऱ्या हाताने बादलीतलं पाणी अगदी हलकं हलवत होता. माइक फरशीपासून वीतभर. ऐकल्यावर पटलं, हा तलाव वयस्कर आहे, गुडघे दुखतात, पण ऐट आहे. त्या आवाजाने पात्राचा स्वभाव ठरवला आणि मी त्याचे संवाद पुन्हा लिहायला घेतले.

यातली खुबी अशी की तोच आवाज नुसता ऐकवला तर कुणालाही धुणं चाललंय असं वाटेल. त्यामुळे शब्द आधी, आवाज मागून. वॉचमन म्हणतो, "काका, पायपुसण्यावर पाय पुसा हो, लिफ्ट ओली होते," आणि मग ती ओली पावलं. एकदा ओळख पटली की पुढच्या प्रवेशात नुसती पावलं पुरतात. आवाजालाच विनोदी पात्र करण्याची ही परंपरा जुनी आहे. बीबीसीवर 1951 ते 1960 या काळात स्पाइक मिलिगन आणि मंडळींचा 'गून शो' हा विनोदी कार्यक्रम चालला. 1958 मध्ये बीबीसीने ध्वनिप्रयोगांसाठी रेडिओफोनिक वर्कशॉप काढलं, तेव्हा त्यांनी त्या शोमधल्या एका मेजरच्या पोटात गुरगुरण्याचा आवाज खास बनवून दिला होता. जमेल तेवढे भाग ऐका. विनोद कळला नाही तरी आवाजांची मांडणी कळते.

आपल्याकडचा वारसाही ऐकून ठेवा. मुंबई आकाशवाणीच्या 'प्रपंच'मधले प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी आमच्या घरी नातेवाईकांसारखे होते. त्यात अतर्क्य काही नव्हतं, पण पहिल्या शब्दाला माणूस ओळखू यायचा. अतर्क्य विनोदाला याची गरज दुप्पट. एका प्रवेशात तीनच्या वर आवाज नकोत, आणि त्या तिघांची पट्टी, वेग, बोली वेगळी हवी. बोलीबाबत मी फार काटेकोर आहे. नवी मुंबईतल्या घणसोली-दिवाळे गावांकडची आगरी-कोळी बोली वापरायची असेल तर ती घरात बोलणारा नट घ्या आणि त्याला ओळी बदलू द्या. बोलीची नक्कल करून मिळवलेला हशा मला नको असतो. शिवाय खरी बोली बोलणारा नट तुम्ही लिहिलेल्यापेक्षा चांगलंच काहीतरी देतो.

कामाच्या चार गोष्टी भराभर. मराठी संवाद मिनिटाला साधारण 120-130 शब्द जातात. आवाजांच्या जागा धरून दहा मिनिटांच्या श्रुतिकेला, म्हणजे रेडिओवरच्या छोट्या नाटकाला, हजारेक शब्द खूप झाले. संहितेची पानं एकाच बाजूला छापा आणि पिना काढा, नाहीतर पान उलटल्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो. प, फ, भ यांचा फटका माइकवर बसतो, म्हणून माइक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला. माइकचं म्हणाल तर घरी, रस्त्याच्या कडेच्या फ्लॅटमध्ये काम करणार असाल तर डायनॅमिक प्रकारचा घ्या. कंडेन्सर प्रकारचा माइक आजूबाजूचंही सगळं टिपतो. मागे गाद्या-रजया लावा. एडिटला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, शिकायला पुरेसं आहे. फिल्मी गाण्याचा तुकडा परवान्याशिवाय वापरू नका, तो कितीही लहान असला तरी.

एफएमला कल्पना घेऊन जाणार असाल तर आकाशवाणीची कार्यक्रमसंहिता, म्हणजे कार्यक्रमांची नियमावली, खासगी स्टेशनांनाही लागू आहे हे लक्षात ठेवा. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्याही देता येत नाहीत, त्यामुळे बातमीपत्राच्या थाटातला प्रवेश असेल तर प्रोड्यूसरला आधीच विचारा. आकाशवाणीच्या नाट्य विभागाची स्वरचाचणी, म्हणजे आवाजाची ऑडिशन, होते, तिच्यावर नजर ठेवा. श्रुतिकेत उभं राहायची तिच्याइतकी पक्की तालीम मला दुसरी माहीत नाही.

आणि हक्क. नवीन मुलं इथे फार गाफील असतात आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. पात्र तुम्ही घडवलंत, तर ते कुणाच्या मालकीचं हे पहिल्या रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर आलं पाहिजे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. करारात 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द दिसले की थांबा, वाचा, मोबदल्याचं बोला. सुरुवातीला या कामावर घर चालत नाही. आमच्यातले बहुतेक जण डबिंग, जाहिराती, ऑडिओबुक करतात. त्याने आवाजही तयार होतो.

नमुना पाठवायचा असेल तर तीन मिनिटांचा एकच प्रवेश पाठवा. दोन आवाज, एक अशक्य गोष्ट. सुरुवातीला संगीत नको, स्वतःची ओळख नको, थेट पहिला संवाद. पाठवण्याआधी तो मोबाइलच्या स्पीकरवर, ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत एकदा ऐका. कुठला शब्द निसटतो ते तिथे लगेच कळतं. ती ओळ पुन्हा रेकॉर्ड करा आणि मगच पाठवा.